दगडाचं नाव-गाव

भायंदरजवळच्या उत्तनच्या बंदरावर होड्या लागल्या की बोंबील, मांदेली, करंदी यांच्या राशींत अधूनमधून नळमाकूलही दिसतं. घरी आणून साफ करताना त्याचं डोकं धरून ओढलं, की शाईच्या पिशवीमागोमाग आतून एक पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी पट्टी निघते. ती कुणी निरखून बघत नाही. सालपटांबरोबर कचऱ्यात जाते. पण बिनहाडाच्या या प्राण्याच्या अंगात ताठ म्हणावं असं तेवढंच असतं. त्याच्या भाऊबंदांपैकी एकाच्या पाठीत पांढरी, नखाने खरडली तर भुगा होणारी ढाल असते. ती समुद्रफेस म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, आणि पोपटाच्या पिंजऱ्यातही अडकवलेली दिसते.

याच गोतावळ्यात फार पूर्वी एक शाखा होऊन गेली. तिच्या अंगातला ताठ भाग पट्टीही नव्हता आणि ढालही नव्हती. तो कॅल्साइटचा भरीव, टोकदार दांडा होता. हा बेलेम्नाइट. दहा हात, हातांवर बारीक आकडे, पोटात शाईची पिशवी आणि शेपटाकडे हा दांडा. प्राणी मेला, मांस कुजलं, दांडा समुद्रतळाच्या चिखलात रुतून राहिला. ग्रीक भाषेत बेलेम्नॉन म्हणजे फेकून मारायचं टोकदार शस्त्र, त्यावरून नाव पडलं. जर्मनीच्या खेड्यांत त्याला ‘डोनरकाइल’, म्हणजे मेघगर्जनेची पाचर म्हणत. वीज कोसळते तेव्हा हा दगड जमिनीत घुसतो अशी तिथली समजूत होती. ज्याने शेतात नांगराच्या फाळाला अडकलेलं असं दगडी टोक हातात धरलं असेल, त्याला ती मूर्खपणाची वाटली नसेल.

दांडा आडवा तोडला की खरी गंमत दिसते. मध्यबिंदूपासून कडेपर्यंत सुईसारखे स्फटिक, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारखे पसरलेले. त्यांना छेदणारी, झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं. रंग मधासारखा, नाहीतर जुन्या गुळासारखा काळपट. जाड टोकाला शंकूच्या आकाराचा खळगा असतो; हवेच्या कप्प्यांचा निमुळता भाग तिथे बसलेला असे.

असा दगड मीरा-भायंदरच्या जमिनीत शोधायला निघणाऱ्याने मात्र छिन्नी-हातोडा घरीच ठेवावा. इथला डोंगर समुद्रतळाच्या गाळाचा नाही, ज्वालामुखीचा आहे. उत्तन-डोंगरीपासून गोराई-मनोरीपर्यंत जो फिकट रंगाचा खडक उघडा पडतो, तो ट्रॅकाइट आणि त्याच्या जातकुळीतला. भूगर्भशास्त्रज्ञ हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मनोरीच्या ट्रॅकाइटचं वय मोजलं, ते सहा कोटी वर्षांच्या किंचित पुढे भरलं. बेलेम्नाइट संपले ते डायनोसॉरांच्याच सुमाराला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ही टेकडी तयार झाली तेव्हा पाहुणा उठून गेलेला होता.

मुंबईच्या खडकात जीवाश्म नाहीतच असं मात्र नाही. दोन लाव्हांच्या थरांमधल्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी साचत आणि त्यांच्या गाळात जीव अडकत. वरळीच्या अशाच थरात बोटाच्या पेराएवढे बेडूक सापडले. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर हेन्री कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूगर्भावर लिहिलं आणि १८५२ मध्ये वरळीच्याच कासवाचं वर्णन केलं. बेडूक आणि कासव दोन्ही तळ्यातले. समुद्राचा प्राणी एकही नाही.

बरं, ज्युरासिक काळातला खडक महाराष्ट्रात आहे तो थेट गडचिरोलीत, सिरोंचा तालुक्यात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्राणहितेकाठच्या कोटा गावाजवळून मासे गोळा केले. चुनखडकाच्या पापुद्र्यांत खवल्यांसकट उमटलेले. पण तेही नदी-तळ्यातले. महाराष्ट्रातल्या ज्युरासिक खडकाला खारं पाणी लागलंच नाही. तेव्हा मराठी माणसाच्या घरात बेलेम्नाइट यायचा तो बाहेरूनच येणार.

बाहेरून दगड आणून घरात जपायची सवय आपल्याला नवी नाही. देवघरातलं पंचायतन हा मुळात नीट लावलेला खडकसंग्रहच. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, शंकराचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीचा, देवीचा धातूचा खडा आंध्रातल्या सुवर्णमुखीचा आणि सूर्याचा स्फटिक तंजावरजवळच्या वल्लमचा. पाच दगड, पाच ठिकाणं, आणि प्रत्येकाचं गाव पक्कं ठरलेलं. नर्मदेचा गोटा शोणभद्र म्हणून चालत नाही. संग्रहालयातले लोक ज्याला उगमनोंद म्हणतात ती इथे पूजाविधीतच शिवलेली आहे.

त्यातला शाळिग्राम तर सरळ जीवाश्म आहे. काळ्या गोट्यात जे चक्र दिसतं तो अ‍ॅमोनाइट, माकुलाचाच आणखी एक नातेवाईक. ज्या काळ्या चिखलखडकातून गंडकीच्या वरच्या खोऱ्यात हे गोटे सुटतात, तोच पट्टा हिमाचलातल्या स्पितीतही आहे, आणि त्यात अ‍ॅमोनाइटांच्या शेजारी बेलेम्नाइटही पडलेले असतात. स्पितीतल्या एका जातीला म्युनिकच्या आल्बर्ट ओपेल यांनी ‘गेरार्डी’ हे नाव दिलं. हिमालयात हिंडलेल्या गेरार्ड यांची ती आठवण. चक्राला देवघर मिळालं, शेजारच्या दांड्याला मिळालं नाही. कार्तिकात तुळशीचं लग्न लावताना कुणाच्या ध्यानात येत नाही, पण नवरदेवाचा भाऊबंद मांडवाबाहेरच राहिला.

मुंबईच्या सगळ्यात जवळचा बेलेम्नाइट कच्छचा. भुजच्या दक्षिणेला कात्रोल नावाची डोंगररांग आहे, वायव्येला चारी गाव आहे, उत्तरेला पच्छमचं बेट आहे. तिथल्या उघड्या टेकड्यांवर पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ वर आलेला आहे. तो जगापुढे आणण्याचं काम मुंबई इलाख्याच्या लष्करातल्या माणसांनी केलं. इंजिनिअर दलातले कॅप्टन चार्ल्स ग्रँट यांनी कच्छचा भूगर्भीय नकाशा केला, जीवाश्म पेट्यांत भरून विलायतेला धाडले, आणि १८४० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांच्या चित्रांसह ते छापून आले. फ्रेंच अभ्यासक द’ऑर्बिन्यी यांनी कच्छच्या एका बेलेम्नाइटला ग्रँटचंच नाव दिलं. पुढे मोराव्हियाचे भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनंड स्टॉलिचका यांनी कच्छचे थर पच्छम, चारी, कात्रोल आणि उमिया अशा चार गटांत लावले, आणि १८७३ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ वागेन यांनी कच्छच्या जीवाश्मांवरच्या आपल्या ग्रंथात तिथल्या बेलेम्नाइटांचं वर्णन केलं. वाळवंटाच्या कडेची ही खेडी अशी जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसली.

मुंबईत मात्र अशा संग्रहांचे हालच झाले. फोर्टातल्या टाउन बराकीत सरकारी मध्यवर्ती संग्रहालय उभं राहत होतं, डॉ. जॉर्ज बुइस्ट त्याचं काम बघत होते. १८५७ च्या उठावात बराक सैन्याला हवी झाली, संग्रह घाईघाईने टाउन हॉलमध्ये हलवला गेला आणि त्यात बरीच नासधूस झाली. त्याच संग्रहालयाचं आजचं रूप म्हणजे भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

दगडासोबतच्या उगमनोंदीच्या चिठ्ठीपेक्षा दगड मोठा असं वाटणाऱ्यांनी पी डी बेलेम्नाइटची हकीकत ऐकावी. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात पी डी नावाच्या थरात बेलेम्नाइट सापडतात. शिकागोचे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांनी त्यांच्या भुकटीला माप धरलं. १९५१ च्या त्यांच्या निबंधात स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका बेलेम्नाइटची गोष्ट आहे. त्याच्या वर्तुळांतून एकामागून एक नमुने काढले, प्राणवायूच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं, आणि त्यावरून पाण्याचं तापमान काढलं. त्या प्राण्याने तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले होते आणि तो वसंतात मेला, इथपर्यंत हिशेब लागला. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या माकुलाच्या मरणाचा ऋतू! मूळ पी डीची भुकटी वापरून वापरून संपली. मग व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने दुसऱ्या चुनखडीवर तेच माप बांधून दिलं आणि नाव ठेवलं व्हिएन्ना पी डी बेलेम्नाइट. आज मधात उसाची साखर मिसळली आहे का हे तपासताना कर्बाच्या समस्थानिकांचं प्रमाण याच मोजपट्टीवर मांडतात. दगड उरला नाही, त्याचं गाव उरलं.

हौशी संग्राहकाला अर्थात गावाआधी भुरळ पडते ती आकाराची. बहुतेक बेलेम्नाइट बोटाएवढे, तेही तुटलेले. पण युरोपातल्या मेगाट्यूथिस जातीचा नुसता दांडा साठ सेंटिमीटरच्या पुढे जातो. एवढा लांब दगड खडकातून अखंड निघत नाही. दहा-बारा तुकडे डिंकासारख्या चिकट द्रव्याने जोडावे लागतात. जोडकाम लाजिरवाणं नाही, लपवलेलं जोडकाम लाजिरवाणं. चांगला विक्रेता सांधे दाखवतो. दोन वेगळ्या दांड्यांचे तुकडे एकमेकांना जोडले असतील तर सांध्यापाशी वर्तुळं जुळत नाहीत, भिंगातून बघितलं की चोरी पकडली जाते. आणखी एक फसवणूक म्हणजे मोरोक्कोचं काळं, गुळगुळीत घासलेलं ऑर्थोसेरस. लांबट शंकू बघून नवखा माणूस त्याला बेलेम्नाइट म्हणून घरी आणतो. त्यात आडवे पडदे, म्हणजे कप्पे स्पष्ट दिसतात. बेलेम्नाइटचा दांडा आतून भरीव असतो.

कच्छच्या नमुन्यात बघायची खूण निराळी. बेलेम्नॉप्सिस असेल तर पोटाच्या बाजूने जवळपास पूर्ण लांबीभर खोल खाच जाते, अंगठ्याचं नख फिरवलं तरी लागते. हिबोलिथिस असेल तर दांडा चातीसारखा मध्ये फुगलेला आणि खाच जाड टोकापाशीच संपलेली. एवढी ओळख पटली की बोटाएवढा कच्छी तुकडाही मोठ्या जर्मन दांड्याशेजारी दिमाखाने बसतो. मेगाट्यूथिस पैसे मोजून कुणालाही मिळतो. खाच वाचायला मात्र शिकावं लागतं.

पैसे नसतील तर देवघेव हा जुना रस्ता आहे, आणि इथे महाराष्ट्राचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, कामी येतो. याच लाव्हाच्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिलबाइट यांचे स्फटिक वाढतात. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट तर जगभर मागणी असलेलं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. बेसाल्टने बेलेम्नाइट दिला नाही, पण त्याच्या बदल्यात द्यायला काहीतरी दिलं.

स्वतः कच्छला जाऊन टेकडी खणायची हौस मात्र जपून करावी. सीमेलगतच्या भागात परवानगी लागते. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदाही लोकांपुढे ठेवला. कायदा येवो न येवो, थरातून उपटलेला आणि कुठला ते न लिहिलेला जीवाश्म अभ्यासाच्या दृष्टीने मेलेलाच.

म्हणून भायंदरच्या फ्लॅटमधल्या काचेच्या कपाटात दांडा ठेवण्याआधी दहा मिनिटांचं एक काम असतं. न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की बारीक टाकाने काळ्या शाईत क्रमांक घालायचा. वहीत त्याच क्रमांकापुढे जात, थर, गाव, तारीख, आणि कुणाकडून आला ते. १८२०च्या दशकात इंग्लंडच्या लाइम रेजिसला मेरी अ‍ॅनिंग आणि एलिझाबेथ फिलपॉट या दोघी जीवाश्म जमवीत होत्या. अ‍ॅनिंगला बेलेम्नाइटच्या आत सुकलेली शाईची पिशवी मिळाली. फिलपॉटने तसली शाई पाण्यात कालवून जीवाश्मांची चित्रं काढली. कोट्यवधी वर्षं जुनी शाई, आणि कागदावर नीट उमटली. उत्तनच्या मोरीत तिची ताजी आवृत्ती नळाखाली धुऊन जाते, आणि नळमाकूल कढईत पडतं.