स्टेअरिंगची थरथर

स्टेअरिंगची थरथर : मोटारगाडीने ठरावीक वेग गाठल्यावर सुकाणूचाकात जाणवणारा नियमित कंप. गॅरेजमध्ये यालाच ‘व्हायब्रेशन’ किंवा ‘वॉबलिंग’ म्हणतात. हा कंप बहुधा ताशी ८० किमी.च्या सुमारास सुरू होतो, १०० च्या आसपास वाढतो आणि पुष्कळदा त्यापुढे पुन्हा मंदावतो. खड्ड्यामुळे बसणारा हिसका, गाडी एका बाजूला ओढणे आणि स्टेअरिंगमधील मोकळी हालचाल म्हणजे ‘प्ले’ हे वेगळे दोष असून त्यांचा येथे ओझरता उल्लेख आहे. नोंद हलक्या प्रवासी मोटारींपुरती मर्यादित असून उदाहरणे मुख्यतः नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वापराची आहेत.

कारण व गणित : फिरणाऱ्या चाकाचे वजन परिघावर सारखे विभागलेले नसेल, तर जड बाजू दर फेऱ्याला चाकाला बाहेर खेचते. मारुती स्विफ्टच्या साध्या आवृत्तींना येणारे १६५/८० आर १४ मापाचे टायर एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर कापते. ताशी ९० किमी. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तेव्हा हे चाक सेकंदाला सुमारे तेरा फेरे घेते आणि स्टेअरिंगला सेकंदाला तेवढेच धक्के पोहोचतात. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला त्याची ओढ सुमारे अडीच किलो वजनाइतकी होते. ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ६० वरून ९० वर गेला की ती सव्वादोन पट होते.

हे गणित खरे धरले तर थरथर वेगाबरोबर वाढतच जायला हवी. ती मध्येच ओसरते याचे कारण निराळे आहे. चाक, हब, ब्रेक आणि सस्पेन्शनचा खालचा भाग यांची मिळून स्वतःची एक दोलनगती असते. ती बहुतेक मोटारींत सेकंदाला दहा ते पंधराच्या दरम्यान येते. चाकाच्या फेऱ्यांची संख्या या गतीशी जुळली की अनुनाद होतो आणि किरकोळ असमतोलही हाताला मोठा वाटतो. जुळणी सुटली की कंप कमी होतो, पण ओढ चालूच राहते आणि बेअरिंग, बुश, टायरॉड एंड यांना ती सोसावी लागते. ‘शंभरच्या वर नेली की गाडी शांत होते’ असे सांगणाऱ्या चालकाचा अनुभव खोटा नसतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. महिंद्रा बोलेरोसारख्या गाडीचे २१५/७५ आर १५ टायर मोठे असल्याने ९० च्या वेगाला ते सेकंदाला बाराहून कमी फेरे घेते. त्यामुळे इतर गोष्टी सारख्या असतील तर तिचा थरथरीचा वेग थोडा वर सरकतो.

नांदेड–लातूर रस्ता : तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर असा यवतमाळमार्गे बुटीबोरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा या दोन शहरांना जोडणारा मुख्य मार्ग. औसा–चाकूर, चाकूर–लोहा आणि लोहा–वारंगा अशा टप्प्यांत त्याचे चौपदरीकरण झाले. पूर्वीच्या दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगेत चालणारी गाडी ६० च्या पुढे फारशी जात नसे. चाकातला असमतोल तेव्हाही होताच, पण तो उघड होण्याइतका वेग मिळत नव्हता. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींसाठी कमाल १०० ची मर्यादा घालून दिली. हा वेग थरथरीच्या पट्ट्यात नेमका बसतो. नवा रस्ता लागल्यापासून गाडी बिघडली अशी तक्रार घेऊन येणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा आधीचीच बिघडलेली असते.

काळ्या जमिनीचा वाटा निराळाच आहे. मांजरा व गोदावरी खोऱ्यांतील ही माती चिकण खनिजांनी भरलेली असून पाण्याने फुगते, उन्हाने आकसते व भेगाळते. पावसाळ्यात पाणंदीतून शेतापर्यंत गेलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूने ती थापली जाते आणि एका रात्रीत विटेसारखी वाळते. गाडी बाहेरून धुतली तरी हा थर निघत नाही. शंभर ग्रॅम माती रिमच्या आत एकाच जागी बसली, तर ताशी ९० किमी. वेगाला तिची ओढ दहा किलोंच्या घरात जाते. गाळप हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखलही हाच परिणाम करतो. म्हणून जून ते फेब्रुवारी या काळात अचानक सुरू झालेल्या थरथरीवर पहिला उपाय बॅलन्सिंग मशीन नसून पाण्याचा जोरदार फवारा आणि खरवडणी हा आहे. त्यात खर्च जवळपास नाही, त्यामुळे गॅरेजवाला तो सुचवेलच असे नाही.

दुसरी स्थानिक बाब काट्यांची. वेड्या बाभळीच्या काट्याला कंटाळून ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चररोधक जेल भरून घेण्याची पद्धत या भागात आहे. द्रव टायरच्या आत सारखा पसरलेला राहिला तर फरक पडत नाही. गाडी उभी असताना तो तळाशी साचतो, जुना झाला की गुठळ्या धरतो आणि चाक कायमचे एका बाजूने जड होते. जेल घातलेल्या चाकाचे बॅलन्सिंग दोनदा केल्यास दोन वेगळे आकडे येऊ शकतात. त्यात मशीनचा दोष नसतो.

काळ्या जमिनीवर बांधलेला रस्ताही वर्षागणिक लाटा धरतो, शिवाय सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण दर साडेचार मीटरला आडवा सांधा येतो. ९० च्या वेगाला असे सांधे सेकंदाला पाच-सहा लागतात. हा ठोका चाकाच्या तेरा फेऱ्यांपेक्षा बराच मंद असतो आणि आसनातून जाणवतो. डांबरी पट्टा लागताच तो थांबला, तर गाडीत काही बिघाड नाही.

निदान : मिस्त्रीने जॅक लावण्याआधी चालकाला विचारायचे प्रश्न तीन : कोणत्या वेगाला, कुठे जाणवते, आणि काय केल्यावर बदलते. यांची उत्तरे नीट मिळाली तर निम्म्याहून अधिक काम संपते. त्याआधी एक खबरदारी घ्यावी. चाक नुकतेच काढून बसवले असेल, म्हणजे पंक्चर निघाले असेल किंवा टायर बदलले असतील, आणि त्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर गाडी थांबवून प्रथम नट पाहावेत. ढिल्या नटांनी चाक निखळू शकते.

कंप स्टेअरिंगमध्ये असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. आसनात व फरशीत असेल तर मागच्या चाकांत, आणि मागच्या ॲक्सलला ताकद देणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट व त्याच्या क्रॉसमध्ये. हा नियम ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. इंजिनाचा संबंध तपासण्यासाठी तोच वेग ठेवून गिअर बदलावा. इंजिनाचे फेरे बदलले तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन व त्याची माउंटिंग निर्दोष. न्यूट्रलमध्ये गाडी सोडूनही हे कळते. मात्र ते मोकळ्या सरळ रस्त्यावर काही सेकंदच करावे आणि इंजिन बंद करू नये, कारण इंजिनाबरोबर ब्रेकची व स्टेअरिंगची मदत जाते. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच कंप येत असेल आणि सोडताच जात असेल, तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या सांध्यावर संशय घ्यावा. वळताना कटकट आवाज येत असेल तर तो बाहेरच्या सांध्याचा असतो.

फक्त ब्रेक लावताना स्टेअरिंग हलत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग करून उपयोग नाही. दोष ब्रेकच्या डिस्कमध्ये असतो. डिस्कच्या जाडीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही पायाला व हाताला जाणवतो. डिस्क ‘वाकली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. बऱ्याच वेळा ती वाकलेली नसून असमान झिजलेली असते किंवा तिच्यावर पॅडचा थर जागोजागी चिकटलेला असतो, असे अनेक जाणकारांचे मत आहे. या बाबतीत एकमत नाही. शंभराच्या वेगावरून गतिरोधकासाठी जोरात ब्रेक लावून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरल्यास थर बसण्याची शक्यता वाढते. लेथवर फेसिंग करून डिस्क सरळ करता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाता येत नाही.

ताशी ३० ते ४० च्या मंद वेगालाच स्टेअरिंग डावी-उजवीकडे डोलत असेल, तर ही थरथर नव्हे. टायरच्या आतील पोलादी पट्टा सुटू लागल्याचे किंवा रिम ‘आउट’ म्हणजे वाकडी झाल्याचे हे लक्षण असते. टायरला फुगा आलेला असतो किंवा हात फिरवल्यावर टेंगूळ लागते. असे टायर महामार्गावर नेऊ नये. नांदेड–लातूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, त्यात हे टायर फुटण्याची शक्यता आणखी वाढते. टायरच्या बाजूवरील चार अंकी शिक्क्यावरून वय कळते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात; दीर्घकाळ एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला सपाटी येते, ती काही किलोमीटर चालल्यावर बहुधा निघून जाते.

एवढे करूनही संशय राहिला तर पुढची चाके मागे व मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून पाहावे. थरथर स्टेअरिंगमधून आसनात गेली, तर दोष चाकांसोबत मागे गेला. या चाचणीला जॅक आणि पाना एवढेच लागते.

बॅलन्सिंग : मशीनवर चाक फिरवून आतल्या व बाहेरच्या कडेला किती ग्रॅम वजन लावायचे ते मिळते. लोखंडी रिमला क्लिपची, अलॉयला चिकटपट्टीची वजने लावतात. काम बिघडते ते ठरावीक कारणांनी. जुनी वजने न काढता नवी लावली जातात. माती तशीच राहते. चिकटपट्टीचे वजन धुळकट रिमवर लावले जाते आणि नांदेडहून अर्धापूर गाठण्याच्या आत उडून पडते. सगळ्यांत जास्त चुका मशीनच्या दांड्यावर चाक मध्यभागी न बसण्याने होतात. खात्रीसाठी आकडा शून्य आल्यावर चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावे. पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर चाक दांड्यावर मध्यभागी बसवणारा शंकू चुकला आहे असे समजावे. ग्राहकाने ही एक मागणी करावी. चांगला टायरवाला ती नाकारत नाही.

बाजारातून घेतलेल्या अलॉयचे मधले भोक गाडीच्या हबपेक्षा मोठे असते तेव्हा मध्ये कडे घालावे लागते. ते नसेल तर मशीनवर निर्दोष ठरलेले चाक गाडीवर थरथरते. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. एकीकडून गोल आवळत गेल्यास चाक तिरके बसते. नव्या टायरवरचा पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हच्या जागी आणल्यास वजन कमी लागते.

अलाइनमेंट : थरथरीवर सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा उपाय. चाकांचे कोन चुकल्याने गाडी ओढते व टायर असमान झिजते. त्या झिजेतून पुढे कंप येऊ शकतो, कोन चुकल्याने थेट येत नाही. टायरॉड एंड किंवा बॉल जॉइंट सैल असताना केलेली अलाइनमेंट तर पैसे वाया घालवणारी असते.

इतिहास : १९२० च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि कमी दाबाची फुगीर टायर वापरात आली, तेव्हा अखंड पुढचा ॲक्सल असलेल्या मोटारींत स्टेअरिंग बेभान हलू लागण्याचा प्रकार सर्वत्र वाढला. फ्रान्समधील अभियंता ब्रूलिए याने १९२५ मध्ये टायरच्या बाजूच्या घसरीशी त्याचा संबंध दाखवला. अमेरिकेत मॉरिस ऑली याच्या कामातून जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांत दोन्ही चाकांना स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन दिले आणि या दोषाचे मूळ स्वरूप मोटारींतून जवळपास नाहीसे झाले. नांदेड व लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी रस्ता वाहतूक सुरू केली. त्या काळच्या बसगाड्यांचा पुढचा ॲक्सल अखंड असे आणि चाके किंगपिनवर वळत. किंगपिन झिजलेल्या जुन्या जीपगाड्यांत हा मूळ प्रकार आजही भेटतो. एका खड्ड्याने सुरू झालेला झोल वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग : यात कंप हाताला कमी पोहोचतो, त्यामुळे दोष उशिरा कळतो.

कायदा : मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी. खोल असावी असा नियम आहे. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायरतपासणी करून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. थरथरीसाठी वेगळी तरतूद नाही.