बुरूला मेंढी व बहुप्रसवतेचे जनुक
एका वेतात दोन किंवा अधिक कोकरे होण्याच्या मेंढीच्या गुणास बहुप्रसवता म्हणतात. खाद्य, वय व ऋतू यांचा तीवर मोठा परिणाम होतो. आनुवंशिकतेचा वाटा थोडाच असल्याने निवड पद्धतीने हा गुण फार सावकाश वाढतो. अनेक जनुकांच्या अल्प प्रभावांची ती बेरीज असते, असे दीर्घकाळ मानले जाई. ही समजूत ऑस्ट्रेलियातील एका कळपामुळे बदलली.

न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळच्या ‘बुरूला’ येथील सीअर्स बंधूंनी जुळ्या-तिळ्यांतूनच पैदाशीची जनावरे निवडून मेरिनो मेंढ्यांचा कळप तयार केला होता. १९५८ पासून त्यातील काही जनावरे तेथील शासकीय वैज्ञानिक संशोधन संघटनेकडे आली व हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांचा अभ्यास आरंभिला. पुढे पायपर व बिंडन यांना असे आढळले की, या मेंढ्यांच्या संततीतील माद्यांत अंडमोचनाचे प्रमाण सलग चढत जात नाही. एका वेळी एक-दोन, तीन-चार आणि पाच वा अधिक अंडी सुटणाऱ्या माद्या, असे तीन गट पडतात. हे विभाजन मेंडेल यांच्या नियमांना धरून होते. त्यावरून १९८२ च्या सुमारास एकाच मोठ्या प्रभावाच्या जनुकाची कल्पना मांडली गेली. जनुकाची एक प्रत असल्यास अंड्यांची संख्या सु. दीडने वाढते.

२००१ मध्ये तीन संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी हे जनुक ओळखले. सहाव्या गुणसूत्रावरील एका ग्राही प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तनामुळे २४९ व्या स्थानी ग्लुटामिनाऐवजी आर्जिनीन हे ॲमिनो अम्ल येते. परिणामी अंडाशयातील पुटके लहान आकाराची असतानाच पक्व होतात व एकाऐवजी अनेक पुटकांतून अंडी सुटतात.

हे उत्परिवर्तन मेरिनोत आले कोठून? १७९२ व १७९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीस बंगाली मेंढ्या नेण्यात आल्या होत्या आणि त्या बहुप्रसव असल्याच्या नोंदी टर्नर यांनी पुढे आणल्या होत्या. सुंदरबनातील गरोळ या ठेंगण्या मेंढीत तेच उत्परिवर्तन असल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियाचे म्हणून गाजलेले जनुक मूळचे बंगालचे ठरले. चीनमधील हू मेंढीतही ते आढळते.

महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीस बहुधा एकच कोकरू होते आणि धनगराचे उत्पन्न मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर असते. म्हणून फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकात गरोळ मेंढ्या आणून दख्खनीशी संकर सुरू केला. गरोळचा लहान बांधा नको, जनुक मात्र हवे, म्हणून संकरित संततीचा पुनःपुन्हा मोठ्या बांध्याच्या मेंढ्यांशी संकर करण्यात आला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी निघाली. धनगरांच्या कळपांत वाढ दर वेतास सरासरी एका कोकराहून कमी भरली. एका दृष्टीने हे सोयीचेच. कारण तिळी कोकरे अशक्त निपजतात, आईचे दूध पुरत नाही आणि दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपाबरोबर नवजात कोकरे नेणे कठीण असते. मेंढ्यात हे जनुक आहे की नाही, हे आता रक्ताच्या नमुन्यावरून कळते. त्याच्या मुली विण्याची वाट पाहावी लागत नाही.