इगर्जीतला वांगड

मुंबई, कराची, नैरोबी अशा ठिकाणी दोन-तीन पिढ्या काढलेली गोंयकार ख्रिस्ती कुटुंबे गोव्यातल्या सासष्टीत आली की गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जातातच. बाप्तिस्म्याच्या वहीत आजोबांचे नाव शोधायचे, जुन्या कबरींवरची झिजलेली अक्षरे लावायची, आणि वही जिथे संपते तिथे आपले कूळ सुरू झाले असे धरून परतायचे. त्याआधी काय होते, याची वहीत नोंद नसते, म्हणून ते नव्हतेच असे वाटू लागते. मला हे पटत नाही. गोव्यातल्या गावच्या इगर्जीचे घराण्याशी असलेले नाते पोर्तुगालहून जहाजातून उतरलेले नाही. ते गावकारीतून, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभारातून, आले आहे, आणि गावकारी पोर्तुगिजांच्या आधीपासून इथे होती.

याचा पहिला पुरावा खुद्द पोर्तुगिजांनीच लिहून ठेवला. 1526 साली अफोन्सु मेशिया या अधिकाऱ्याने गावकारीचे रीतिरिवाज कागदावर आणले. नव्या राजवटीला सारा हवा होता आणि तो गावकारांखेरीज कोणाकडून वसूल होण्यासारखा नव्हता. गावची जमीन गावकारांच्या मालकीची, पण सामाईक. शेते खंडाने द्यायची, बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, राखायची, सारा भरायचा, देवळाचा खर्च काढायचा आणि उरेल ते गावकारांनी झोण म्हणून वाटून घ्यायचे. गावकार वांगडांत विभागलेले, म्हणजे एकेका मूळ पुरुषाच्या वंशात. सभेत कोण आधी बोलणार, पालखीला कोणाचा खांदा लागणार, हे वांगडाच्या क्रमाने ठरे. पुढे तिसवाडीतली देवळे 1540 मध्ये आणि सासष्टीतली 1567 मध्ये पाडली गेली, देवळांच्या जमिनी इगर्जींकडे वळवल्या गेल्या. गावाच्या हिशेबात देवाचा खर्च राहिला, फक्त देव बदलला. मानाची भांडणेही राहिली. पालखीच्या खांद्यावरून होणारे तंटे आता कोंफ्रारीत, म्हणजे इगर्जीच्या बंधुमंडळात, फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, मानावरून आणि पांढऱ्या ओप्यावर, म्हणजे बंधुमंडळाच्या अंगरख्यावर, तांबडी मुर्स (खांद्यावरची झूल) कोणी पांघरावी यावरून होऊ लागले. अंगरख्याच्या रंगावरून लोक पिढ्यान् पिढ्या भांडतात तेव्हा त्या रंगाआड जमीन आणि कूळ दडलेले असते.

यावर आडनावांचा आक्षेप येईल. बाप्तिस्म्याच्या वेळी पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव चिकटले. एकाच घरातले भाऊ वेगवेगळ्या दिवशी बाटले तर एक फर्नांडिस व्हायचा, दुसरा डिसोझा. मग सातत्य कुठले? आडनावापुरता हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आडनावाच्या मागे जाणाऱ्याची वाट हमखास चुकते. वांगड मात्र धर्मपित्याकडून मिळत नव्हता. झोण घ्यायची तर अमुक वांगडातला अमक्याचा मुलगा म्हणून नोंद करावी लागे. फर्नांडिस आणि डिसोझा एकाच वांगडात बसत, आणि त्यांचा न बाटलेला चुलतभाऊही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जिथे बळजबरी झाली तिथे सातत्याची भाषा म्हणजे जखमेवर रंगसफेदी नव्हे काय? याचे उत्तर सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात शोधावे. जुलै 1583 मध्ये इगर्जीसाठी जागा पाहायला पाच जेझुइट तिथे गेले. त्यांतला रुडॉल्फ आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. गावकारांनी पाचही जणांना ठार केले. मग गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली, आणि गावाची जमीन गेली. मारल्या गेलेल्या पाद्र्यांना 1893 मध्ये रोमने धन्य घोषित केले. मारल्या गेलेल्या गावकारांचे स्मारक व्हायला त्याहूनही बराच काळ लागला. गावची देवी शांतादुर्गा फातर्प्याला, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली, पण तिचे नाव कुंकळ्ळीकारीणच राहिले. दर फाल्गुनात छत्र्यांच्या उत्सवाला ती आपल्या जुन्या जागी येते, तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्याबरोबर असतात आणि त्या वांगडांतले ख्रिस्तीही तिला मान देतात. त्याच गावातल्या सावूद सायबिणीच्या इगर्जीत फेस्ताचा मान याच बारा वांगडांचा मानला गेला. बळजबरी खरीच होती. पण बळजबरीने एखादी इगर्ज बांधता येते, तिच्यात कोण कुठे बसेल हे ठरवता येत नाही. ते गावकारांनी ठरवले, आणि माझ्या मते हा हरलेल्यांनी वाचवलेला हक्क होता.

हक्क म्हटले की कोणाचा, हेही सांगायला हवे. गावात राहणारे, गावची शेते कसणारे, पण वांगड नसलेले मुंडकार आणि कुळे या हिशेबात कधीच नव्हती. त्यांना झोण नव्हती, कोंफ्रारीत मुर्स नव्हती, फेस्ताच्या यादीत नाव नव्हते. बाप्तिस्म्याने जात गेली नाही, हे कुंकळ्ळीतल्या फेस्ताच्या मानावरचे तंटे पुरेसे स्पष्ट सांगतात. माझा मुद्दा इथे अर्धाच लागू पडतो. गावकाराच्या नातवाने इगर्जीतली वही बंद करून कोमुनिदादीची, म्हणजे गावकारीची, यादी उघडावी. तिथे त्याला पोर्तुगिजांच्या आधीच्या पुरुषापर्यंत पोचवणारे टोक मिळू शकते. मुंडकाराच्या नातवाला ती यादी काहीच देत नाही. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने सगळ्या पाद्र्यांना बाप्तिस्मे आणि लग्ने नोंदवायला भाग पाडले, म्हणून त्याच्या पणजीचे नाव निदान एका ओळीत कुठेतरी उरले. त्याच्यासाठी कूळ खरोखरच त्या वहीतून सुरू होते, आणि वाळवी लागलेल्या तिच्या पानांवर गावकार आणि मुंडकार एकाच शाईत, तारखेच्या क्रमाने लिहिलेले असतात.