सायकल आधी, पॅड नंतर

रायपूरच्या मराठी मंडळींना माधवराव सप्रे यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले आणि रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. मुलींनी शिकावे की नाही हाच तेव्हा वादाचा मुद्दा होता. तो वाद मिटला, पण पुढची शंभर वर्षे मुलींच्या शाळेतल्या अडचणी एकेक करूनच ओळखल्या गेल्या. आधी शाळा हवी, मग शिक्षिका हव्यात, मग पुस्तके, गणवेश, दुपारचे जेवण, सायकल, वेगळे शौचालय. पाळीचे पॅड या यादीत अगदी शेवटी आले. आले तेही बराच काळ दिले गेले नाही, विकले गेले. ते शेवटी का आले आणि विकले का गेले, हे पाहिले की मोफत पॅडवरच्या आजच्या वादाचे मूळ सापडते.

उशिराचे कारण विचारले की आपण चटकन विटाळाकडे बोट दाखवतो. ते खोटे नाही. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी रोखठोक प्रश्न विचारला, तरी त्यानंतर सहाशे वर्षे घरोघरी बायका ‘बाहेरच्या’ बसतच राहिल्या. पण एक साधे कारण आपल्या नजरेतून निसटते. सप्रे यांनी पाठशाळा काढली तेव्हा बहुतेक मुलींची लग्ने पाळी येण्याआधीच होत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, तर त्यावर केवढा गदारोळ उठला. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे असे सांगणारा शारदा कायदा १९२९ चा, अठरा वर्षांची अट १९७८ ची. म्हणजे पाळी सुरू होईतो मुलगी शाळेतून उठून सासरी गेलेली असे. पाळी येणारी विद्यार्थिनी त्या शाळेच्या हिशेबातच नव्हती. पुढे लग्नाचे वय वाढले, मुली आठवी-नववीपर्यंत वर्गात टिकू लागल्या, पण शाळेची इमारत, तिचे वेळापत्रक आणि तिचा खर्च मांडणारी वही लहान मुलांसाठी आखलेलीच राहिली. पॅडचा प्रश्न म्हणूनच आरोग्यखात्याचा होण्याआधी शाळेच्या रचनेचा आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि रायपूर राजधानी झाले. नव्या राज्याने दोन कामे लवकर हाती घेतली. २००२ मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगडीत मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला, नात्याइतका घट्ट मित्र. गावानेच निवडलेल्या आरोग्य कार्यकर्तीला ‘मितानिन’ हे नाव देण्यात मोठी समज होती. देशभरातल्या ‘आशा’ कार्यकर्तींची कल्पना पुढे याच वाटेने गेली. दुसरे काम सरस्वती सायकल योजनेचे. ती २००४ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या आणि गरीब घरच्या नववीतल्या मुलींसाठी सुरू झाली. शाळा लांब असते, मुलगी चालत जाते, म्हणून घरचे तिला घरी बसवतात. सायकल दिली की अंतर कमी होते. या तर्काला कोणी रेवडी म्हटले नाही. सायकल शाळेच्या मैदानात सर्वांसमक्ष देता येते, तिचा फोटो छापता येतो. त्याच नववीतल्या त्याच मुलीला महिन्यातले चार-पाच दिवस काय लागते, हे मात्र मैदानात बोलता येत नव्हते. सरकारी मदतीचा क्रम गरजेवरून ठरला नाही, कोणती गरज उघडपणे उच्चारता येते यावरून ठरला.

अखेर जेव्हा ती गरज उच्चारली गेली, तेव्हा सरकार दुकानदाराच्या भूमिकेत उभे राहिले. केंद्राची मासिक पाळी स्वच्छता योजना २०११ मध्ये १७ राज्यांतल्या १०७ जिल्ह्यांत सुरू झाली. ‘फ्रीडेज’ नावाचे सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना, विकणारी आशा, आणि दर पाकिटामागे तिला एक रुपया. गावची मैत्रीण अशा रीतीने विक्रेतीही झाली. महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना आणली. तीत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत मिळणार होती. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी उठला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जनऔषधी केंद्रांतल्या पॅडची किंमत अडीच रुपयांवरून एक रुपयावर आली. छत्तीसगडच्या सुचिता योजनेने शाळा-महाविद्यालयांत पॅडची यंत्रे आणि वापरलेली पॅड जाळण्याच्या भट्ट्या बसवल्या. या सगळ्या योजनांनी किंमत खाली आणली, हे मान्य करायला हवे. पण सगळ्यांनी मुलीला गिऱ्हाईकच मानले.

आता एक रुपया म्हणजे काही फार नाही, असा पहिला आक्षेप येतो. पण शाळकरी मुलीच्या हातात पैसा असतो का, हे आधी विचारायला हवे. तिला तो मागावा लागतो. मागायचा म्हणजे कशासाठी हे सांगायचे, बहुधा बापाला किंवा भावाला. एक रुपयाच्या पॅडची खरी किंमत ही परवानगी असते. भिंतीवरच्या यंत्राचेही तसेच. नाणे हवे, वीज हवी आणि पेटी रिकामी झाली की ती भरणारे कोणीतरी हवे. किल्ली कोणाकडे, माल कोणत्या खात्याचा, भट्टी बिघडली तर दुरुस्तीचे बिल कोण काढणार, हे ठरलेले नसेल तर उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर उरतो तो पत्र्याचा डबा. दुसरी वाट नव्हती असेही नाही. तामिळनाडूने २०१२ मध्येच मुलींना पॅड मोफत देणे सुरू केले. आंध्र प्रदेशाने ऑक्टोबर २०२१ पासून ‘स्वेच्छा’ योजनेत सातवी ते बारावीच्या मुलींना महिन्याला दहा पॅड शाळेतच द्यायचे ठरवले. शिक्षिकेने वर्गात पुस्तके वाटावीत तशी पॅड वाटली, की मागण्याचा प्रसंगच येत नाही.

दुसरा आक्षेप फुकटेपणाचा. आज पॅड, उद्या आणखी काही, मग याला अंत कुठे? त्याचे उत्तर कायद्यातच आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे तिसरे कलम सांगते की, शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च सहा ते चौदा वयाच्या मुलाकडून घेता येणार नाही. कायद्याने केवळ फी म्हटलेले नाही, खर्चही म्हटले आहे. पाळी बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षी, म्हणजे याच वयात सुरू होते. दुपारच्या जेवणाला, पाठ्यपुस्तकाला आपण खैरात म्हणत नाही, कारण त्यांच्याशिवाय शाळा चालत नाही हे पटलेले आहे. पाळीच्या दिवशी डाग पडेल या धास्तीने फळ्याजवळ जायचे टाळणारी, पाठीमागे दप्तर धरून उभी राहणारी मुलगी हजेरीपटावर हजरच असते. ती शिकते किती, हा वेगळा प्रश्न.

तिसरा आक्षेप अभ्यासू आहे, म्हणून अधिक गंभीर. पॅड दिल्याने हजेरी वाढते याला पुरावा काय? नेपाळच्या चितवन जिल्ह्यात एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थतज्ज्ञांनी मुलींना मेन्स्ट्रुअल कप देऊन हेच तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाला अर्ध्या दिवसाहूनही कमी होती आणि कपमुळे हजेरीत फरक पडला नाही. पॅडच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा निष्कर्ष दडवू नये. त्याने पॅडची गरज खोडली जात नाही, तिचे चुकीचे समर्थन तेवढे खोडले जाते. शाळेत नळ बसवताना हजेरी किती टक्क्यांनी वाढेल असे आपण विचारत नाही. २०१४-१५ च्या स्वच्छ विद्यालय मोहिमेत देशभर चार लाखांहून अधिक शौचालये बांधली गेली, ती आलेख वर चढावा म्हणून नव्हे, तर देहधर्म असलेली माणसे तिथे दिवसभर बसतात म्हणून. पॅडचा न्याय तोच.

चौथा आक्षेप कापडाचा आणि कचऱ्याचा. आज्या-पणज्या सुती घडी वापरत, तिने काय बिघडले? स्वच्छ धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले कापड चांगलेच. अडचण आहे ती उन्हाची. लाज म्हणून घडी दोरीवर साडीखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत राहते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुली-बायकांनी कापड वापरत असल्याचे सांगितले. तेव्हा कापड ही जुनी गोष्ट नाही, आजची आहे, आणि ज्या मुलीला तेच हवे तिला चांगले कापड मिळावे. कचऱ्याची काळजीही खरी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले पॅड गुंडाळायची पिशवी उत्पादकांनी द्यावी असे सांगितले. सरकारी पॅडवर ‘ऑक्सो-विघटनशील’ असा शिक्का दिसला की आपण निर्धास्त होतो. पण ऑक्सो-विघटनशील प्लॅस्टिकचे बारीक तुकडे होतात आणि ते मातीत राहतात, म्हणून युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यावर बंदी घातली. पॅड कशाचे असावे यावर भांडावे. ते द्यावे की नाही यावर नव्हे.

हा दुसरा वाद आता न्यायालयानेही संपवत आणला आहे. मध्य प्रदेशातल्या डॉ. जया ठाकूर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी केंद्राला देशभर एकसारखे धोरण आखण्यास सांगितले. ३० जानेवारी २०२६ च्या निकालात पाळीचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून शाळांत मोफत पॅड देण्याचे आदेश दिले. स्कॉटलंडच्या संसदेने पाळीची साधने मोफत देण्याचा कायदा २०२० मध्ये मंजूर केला आणि ऑगस्ट २०२२ पासून तो लागू झाला. आपल्याकडे तेच न्यायालयाच्या वाटेने आले. पण आदेशाने पॅड येईल, नजर बदलेलच असे नाही. २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून कोणाची पाळी चालू आहे हे पाहण्यासाठी मुलींचे कपडे उतरवले गेले. तिथे अभाव पॅडचा नव्हता.

म्हणून रायपूरच्या सरकारी शाळांसाठी मागणी साधी आणि कोरडी असावी. नवे नाव, नवी यंत्रे, नवा समारंभ नको. पॅड खडू-फळ्याप्रमाणे शाळेच्या साठा नोंदवहीत यावे, दर महिन्याला त्याची आवक-जावक लिहिली जावी, आणि ते संपले तर मुख्याध्यापकाला त्याचा जाब विचारला जावा. सप्रे यांची पाठशाळा मुलींना वर्गात आणण्यासाठी होती. त्या वर्गात निर्धास्त बसता यावे एवढी सोय करायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.