कबड्डीचा पगार आणि मैदानाचं देणं



स्मरणिकेसाठी लेख हवा असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायला आपल्यात माझ्यापेक्षा सरस मंडळी आहेत हे मला ठाऊक होतं. म्हणून मी गेली काही वर्षं फावल्या वेळात वाचत आलेला विषय निवडला. खेळाडूला मिळणारा पैसा आणि त्याने पुढच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी, या दोन गोष्टींचं नातं आपल्याकडे कसं होतं आणि ते कसं बदलत गेलं, याचा हा छोटासा इतिहास आहे. संगणकाच्या माणसाने हे लिहावं याचं कुणाला नवल वाटेल. पण करार वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि हा विषय शेवटी कराराचाच आहे.

निमित्तही आपल्या नगरचंच आहे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्या जिल्ह्यातला. आदल्या ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्याच मार्च महिन्यात पुरुषांची सत्तरावी राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा आपल्या वाडिया पार्कवर झाली. ज्या खेळासाठी आपण चुन्याच्या रेषा आखून गुडघे सोलून घेतले, तो खेळ आता रोजगार झाला आहे. हे कसं घडलं हे समजून घ्यायचं तर आधी कुस्तीपासून सुरुवात करावी लागेल.

आपल्या भागातल्या जत्रांमध्ये कुस्त्यांचा हगामा असतो. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर, आणि मोठ्यांच्या रोख इनामावर. हा खेळातल्या पैशाचा आपल्याकडचा जुना प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे खुराक. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. संस्थानच्या आश्रयामुळे मल्लाला दूध-तूप-बदामाची भ्रांत राहिली नाही. पण तालमीत राहणारा मल्ल फक्त स्वतःसाठी मेहनत करत नव्हता. पहाटे लहान पोरांना अंगावर घ्यायचं, त्यांना डाव सांगायचा, चुकलं की पुन्हा करायला लावायचं, हे त्याच्या दिनक्रमातच होतं. उतरत्या वयात तोच वस्ताद व्हायचा. याचा कुठेही कागद नव्हता. खाणं आणि शिकवणं एकाच छपराखाली होतं, म्हणून वेगळी अट घालायची वेळच आली नाही.

कबड्डीची गोष्ट वेगळी. तिला दरबाराचा आश्रय नव्हता. हुतूतू या नावाने गावोगाव खेळला जाणारा हा खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात नियमांत बसवला गेला आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली. १९३८ मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत तो पोचला. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य वेचून संघटना बांधली. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. या सगळ्या काळात संघटनेचं ब्रीद एकच होतं, हौस. राष्ट्रीय महासंघाच्या नावात ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द आजही आहे.

मग पोट कसं भरायचं? इथे महाराष्ट्राने एक तोडगा काढला आणि तो बराच काळ चालला. रेल्वे, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र अशा आस्थापनांनी आपापले संघ उभे केले. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत अजूनही ‘व्यावसायिक गट’ असं छापून येतं, त्याचा अर्थ या आस्थापनांच्या संघांचा गट. म्हणजे खेळाडू व्यावसायिक, पण पगार मात्र कारकुनाचा किंवा कामगाराचा. खेळाबद्दल मिळे ती सरावासाठी वेळेची सवलत आणि कधीमधी बढती. २००५ मध्ये राज्य सरकारने खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवलं, तेही याच विचाराने. खेळाचा मोबदला म्हणजे नोकरी.

या व्यवस्थेचा एक फायदा फारसा कुणी नोंदवलेला नाही. नोकरी कायमची असल्यामुळे खेळाडू एका जागी राहायचा. कार्यालय सुटलं की तो आपल्या मंडळाच्या मैदानावर यायचा आणि पोरांना चवडा कसा टाकायचा, कोपरारक्षकाने पाय कधी धरायचा, साखळी कशी करायची हे शिकवायचा. लालबाग-परळची मंडळं अशीच टिकली, आणि तालुक्याच्या गावांतले संघही. शिकवण्याचे पैसे कुणी देत नव्हतं, पण महिन्याचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन ठरलेलं असल्यामुळे फुकट शिकवणं परवडत होतं. तालमीत जे काम खुराकाने केलं, ते इथे नोकरीने केलं.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली आणि हिशेबच बदलला. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची, पाटणा पायरेट्सने राकेश कुमारसाठी लावलेली. २०१८ मध्ये मोनू गोयतने दीड कोटीचा टप्पा ओलांडला. २०२१ मध्ये परदीप नरवाल १ कोटी ६५ लाख, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजार. नऊ वर्षांत वीसपट. मातीतल्या माणसाला हा भाव मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. त्यावर ‘खेळाचा बाजार झाला’ म्हणून नाक मुरडणं आपल्यासारख्या पगारदारांना शोभत नाही. आपणही आपलं कसब विकूनच खातो.

तरी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे कोटीच्या बोली मोजक्यांच्याच. दहाव्या हंगामात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती. संघ बारा, प्रत्येक संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, म्हणजे सगळे मिळून फार तर तीनशे जण. गुडघा किंवा खांदा गेला की हे उत्पन्न थांबतं. दुसरी गोष्ट, बोली ज्याच्यावर लागते त्याच्यापर्यंतच पैसा पोचतो. ज्याने त्याला आठवीत असताना मैदानावर ओढून आणलं, स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं भरून स्पर्धेला नेलं, त्याच्या वाट्याला टीव्हीवर सामना पाहण्याचं समाधान येतं.

दिल्लीच्या सीमेवर निजामपूर नावाचं गाव आहे. राकेश कुमार त्या गावचा आणि मनजीत चिल्लरही त्याच गावचा. नियम महाराष्ट्राने घडवले, पण लिलावात वरच्या बोली बहुतेक उत्तरेतल्या खेळाडूंवर लागतात. त्यामागे शरीरयष्टीपासून नोकऱ्यांपर्यंत अनेक कारणं सांगितली जातात. मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं. तिथे मोठा खेळाडू आणि नवखा पोरगा गावातल्या एकाच मैदानावर भेटत राहिले. आपल्याकडे ही भेट कमी होत गेली.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलने हा प्रश्न वेगळ्या प्रकारे हाताळला. तिथेही सुरुवातीचे खेळाडू हंगाम संपला की दुसरी नोकरी करत. १९५४ मध्ये बॉब कूझीच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना झाली. १९६४ मध्ये बॉस्टनच्या ऑल स्टार सामन्याआधी, निवृत्तिवेतनाचं आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही असं खेळाडूंनी सांगितलं, आणि ते मिळवलं. आज तिथे बास्केटबॉलपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना जातो. त्याच करारात सार्वजनिक कार्यक्रमांना हजर राहण्याची अटही असते. २००५ पासून ‘एनबीए केअर्स’ या नावाने खेळाडू शाळांत आणि वस्त्यांत जातात. त्यात जाहिरातीचा भाग आहेच, मी भाबडी नाही. पण हक्क आणि कर्तव्य एका कागदावर आले की दोन्हींबद्दल विचारता येतं.

आमच्या क्षेत्रात नव्या मुलांना शिकवणं हे वरिष्ठांच्या कामातच धरलेलं असतं आणि वार्षिक मूल्यमापनात त्याची विचारणा होते. ‘आवड असेल तर शिकवा’ असं म्हटलं की कामाच्या रेट्यात ते पहिलं मागे पडतं, हे मी वीस वर्षं पाहते आहे. त्यासाठी वेळ राखून ठेवला तर मात्र होतं. कबड्डीलाही हेच लागू पडावं. नऊ लाखांच्या खेळाडूवर ‘समाजाचं ऋण’ म्हणून फुकट शिकवणीचं ओझं टाकणं अन्यायाचं होईल. संघमालकांनी करारात लिहावं, की हंगामानंतर इतके दिवस तुमच्या जिल्ह्यात शिकवायचं आणि त्याचा मोबदला इतका. पैशाची सोयही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत आहे.

मुलींच्या बाबतीत तर पहिलीच पायरी गायब आहे. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या आपल्या तिघी संघात होत्या. २०२३ मध्ये हांगचौला भारताचं शंभरावं पदक महिला कबड्डी संघाच्या सुवर्णाने पूर्ण झालं. आणि लीग? २०१६ मध्ये प्रो कबड्डीने तीन संघांची महिला स्पर्धा घेतली, ती एकाच हंगामापुरती. म्हणजे मुलींसाठी अजून नोकरी हाच मोबदला. मग आपल्या शाळेतल्या मुलीला कोण शिकवणार?

इथे मला शाळेतल्या क्रीडाशिक्षकांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. या सगळ्या साखळीत पगार आणि शिकवण्याचं कर्तव्य दोन्ही एकाच नेमणूकपत्रावर लिहिलेला माणूस एकच होता, तो म्हणजे पी.टी.चा शिक्षक. आपण त्यांना शिट्टीवाले सर म्हणून हसलो, पण व्यवस्था म्हणून तीच सर्वांत पक्की होती. २०१५ नंतरच्या संचमान्यतेच्या निकषांमुळे अनेक शाळांत क्रीडाशिक्षकाचं स्वतंत्र पद उरलं नाही. लीगच्या झगमगाटात ही बातमी कुणाच्या लक्षातही आली नाही.

म्हणून या मेळाव्यासमोर एक सूचना ठेवते. मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेली रक्कम आणि त्यात आपण दरवर्षी घालू ती भर, यांतून शाळेच्या मैदानासाठी एका कबड्डी प्रशिक्षकाचं मानधन उभं करावं. आपल्या तालुक्यात निवृत्त खेळाडूंची कमतरता नाही. आठवड्यातून चार संध्याकाळी, त्यांतल्या दोन फक्त मुलींसाठी. मानधनाचा आकडा, दिवस आणि जबाबदारी शाळेच्या संमतीने कागदावर लिहावी. शिकवणाऱ्याला सत्काराची शाल अवश्य द्यावी, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसेही द्यावेत. कागदाचा मसुदा मी करून आणते. पहिल्या वर्षाचा हिशेबही ठेवते. बाकी मंडळींनी होकार कळवावा.