क्रमांकांच्या गावात पायी

बदलीच्या नोकरीत माझी एक सवय जडली आहे. नव्या ठिकाणी गेलो की पहिला महिनाभर कचेरीची वेळ सोडता सर्वत्र पायीच हिंडायचे. भिलाईला आलो तेव्हा मात्र वाटले की येथे या सवयीचा फारसा उपयोग नाही. हाती पत्ता होता तो असा: क्वार्टर क्रमांक अमुक, सडक अमुक, सेक्टर अमुक. ना आळी, ना पेठ, ना वाडा. ज्या वस्तीचे नावच आकडा आहे, तिला इतिहास तो किती असणार? २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. संपला इतिहास, अशी माझी समजूत होती.

सेक्टरांतून हिंडताना ती काही दिवस टिकलीही. येथील आखणीत पावलांचा विचार केलेला आहे, हे चालणाऱ्याला लवकर कळते. इंग्लंडात १९०३ साली लेचवर्थ हे उद्याननगर वसू लागले. पुढे १९२९ साली अमेरिकेत क्लॅरन्स पेरी याने असे मांडले की, वस्तीचा आकार शाळेवरून ठरावा आणि मोठा रस्ता न ओलांडता मुलाला शाळेत चालत जाता यावे. भिलाईच्या सेक्टरांत त्या विचाराची सावली स्पष्ट दिसते. शाळा जवळ, बाजार जवळ, रस्त्यांवर दाट झाडी. घरे मिळाली ती हुद्द्यानुसार. जातीनुसार वा प्रांतानुसार नव्हेत. म्हणून मल्याळी, तेलुगू, पंजाबी, बंगाली आणि आपली नागपूरकडची मंडळी एकाच सडकेवर शेजारी झाली. आज कायम कामगारांची संख्या पुष्कळ घटली आहे.

रूळ ओलांडून उत्तरेला गेलो की चित्र पालटते. बांधकामाच्या मजुरांसाठी जे तळ पडले, ते कॅम्प १ आणि कॅम्प २ या नावांनी अजून नांदत आहेत. तात्पुरत्या गोष्टी सर्वांत टिकाऊ असतात, हा सरकारी नोकरीतला माझाही अनुभव आहे! जवळच पॉवर हाउस स्थानक आहे. तेथे १ जुलै १९९२ रोजी रुळांवर धरणे धरून बसलेल्या कंत्राटी कामगारांवर गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. फलाटावर उभे राहून आजूबाजूला पाहिले, तर गर्दी नेहमीसारखीच होती.

पण माझ्या समजुतीला खरा धक्का दक्षिणेस बसला. तिकडे क्रमांक संपतात आणि रिसाली, मरोदा, रुआबांधा अशी नावे सुरू होतात. तीही 'सेक्टर' हा शब्द मागे लावून! ही गावांची नावे आहेत. छत्तीसगढीत 'बांधा' म्हणजे बांध घालून केलेला तलाव. मराठी माणसाला हा शब्द परका वाटू नये.

तसा हा मुलूखही परका नव्हे. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर भोसल्यांचे सैन्य घेऊन रतनपुरावर आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहत असे. पुढे सुभेदार आले, आणि त्यांचे मुख्य लक्ष वसुलीवर राहिले. १८५४ साली राज्य खालसा झाल्यावरही येथील दप्तराचे तोंड नागपूरकडेच होते. पोलादाचा करार झाला त्या दिवशी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती भोपाळला गेली. तेव्हा ही गावे दोनशे वर्षे मराठी माणसाच्या दप्तरात होती. आकड्यांच्या रूपाने, अर्थात.

एका तलावाच्या पायरीवर मला एक वृद्ध गृहस्थ भेटले. मी त्यांना 'बबा' म्हटले, त्यांनी मला 'साहेब'. ते छत्तीसगढीत बोलत होते, मी हिंदीत. कारखाना आला तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. शेताचे पैसे मिळाले. ते सोयरिकीत आणि देण्याघेण्यात संपले. त्या वेळी नोकरी मागितली असती तर मिळाली असती, असे ते म्हणाले. पण भट्टीला नरबळी लागतो अशी आवई गावोगाव उठली होती, आणि वडिलांनी घरातल्या कोणालाही फाटकाकडे फिरकू दिले नाही. परप्रांतातून माणसे आली आणि कामावर लागली. भय ओसरून घरच्या मुलांनी फाटक गाठले, तोवर आत कायमची जागा मिळणे कठीण झाले होते. धाकटा मुलगा ठेकेदाराकडे लागला, तो अखेरपर्यंत ठेकेदाराकडेच राहिला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मलाच काय बोलावे ते सुचेना. अशा जमिनींची कागदपत्रे हाताळण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "साहेब, आपण राहता कोठे?"

मी सेक्टरचा आणि सडकेचा क्रमांक सांगितला. त्यांनी मनाशी थोडा हिशेब केला. मग उत्तरेकडे हात करून म्हणाले, तेथे चांगली कन्हार जमीन होती, काळी. धान उभे असतानाच तिच्यात तिवरा पेरीत.

तिवरा म्हणजे आपली लाखोळी.