अद्भुत कादंबरीचे परीक्षण : एका निकषाचा इतिहास

मराठी कादंबरीच्या इतिहासात अद्भुतरम्य कादंबरीचे स्थान प्रारंभीचे असले, तरी प्रतिष्ठेचे नाही. वाङ्मयेतिहासकार तिचा उल्लेख करतात तो बहुधा पुढे आलेल्या वास्तववादी कादंबरीची पूर्वपीठिका म्हणून. हा निर्णय कोणत्या निकषावर झाला, आणि तोच निकष पुढे विज्ञानकादंबरीसही लावला गेल्याने काय घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत अद्भुताचा आश्रय का करावा लागतो, याचे कारण दिले आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या रूढीमुळे व अन्य कारणांनी नित्याच्या आयुष्यात चित्तवेधक असे फारसे घडत नाही. तेव्हा मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्यास चमत्कारिकाकडेच वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही सबब नव्हे, हा एक वाङ्मयीन सिद्धान्त होय. कथानकाचा विस्तार हा व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असतो, आणि जेथे ते स्वातंत्र्य नाही तेथे कल्पना त्याची जागा घेते, असे त्यातून निष्पन्न होते.

ह्या सिद्धान्ताचा प्रतिवाद करावयाचा तर त्याच्या मुळाशी जावयास हवे होते. तसे झाले नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ ह्या लेखनाने मराठीत कादंबरीच्या चर्चेस शास्त्रीय वळण दिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु जे संभवनीय तेच ग्राह्य, हा त्यांचा रोख पुढील टीकेत नियमासारखा रूढ झाला. हरि नारायण आपटे यांनी १८८५ च्या ‘मधली स्थिति’पासून आपल्याच घरांतील जीवन किती नाट्यपूर्ण असू शकते हे दाखवून दिले, तेव्हा रिसबुडांचे उत्तर परस्पर मिळाले असेच सर्वांना वाटले. वि. का. राजवाडे यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ ह्या निबंधात मराठी कादंबरीस युरोपीय कादंबरीशेजारी ठेवून पाहिले व चर्चेचा पट विस्तृत केला. तथापि नियतकालिकांतील नित्याच्या परीक्षणांत संभवनीयतेचाच निकष प्रमाण राहिला.

येथे एका बाह्य गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. त्या काळी लेखकाने स्वखर्चाने, अथवा आगाऊ वर्गणीदार मिळवून, ग्रंथ छापणे ही रूढ पद्धत होती. ग्रंथ कोणी छापला यावरून त्याची योग्यता ठरत नसे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यान्वये दर तीन महिन्यांनी निघणाऱ्या सूचीत प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, मुद्रक, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या व किंमत नोंदली जाई. त्या सूचीपुढे स्वप्रकाशित कथा आणि मिशनचे प्रकाशन सारखेच होते. प्रकाशकाची मोहोर ही परीक्षणास पात्र ठरण्याची अट पुढे झाली. ती मुळापासून नव्हती.

विज्ञानकथेचा प्रवेश झाला तो एका परीक्षणप्रिय मासिकातूनच, ही लक्षणीय बाब होय. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे ‘केरळकोकिळ’ हे मासिक पुस्तकपरीक्षणाबद्दल प्रसिद्ध होते. त्यातच १९०० मध्ये ज्यूल व्हर्नच्या कथेवर आधारलेली ‘चंद्रलोकाची सफर’ आली. १९१५ मध्ये श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा प्रसिद्ध झाली. ह्या नव्या प्रकारासाठी संभवनीयतेचा जुना निकष नवे वस्त्र नेसून पुढे आला: कथेतील विज्ञान बरोबर आहे काय?

ह्या निकषाची मर्यादा व्हर्नच्याच उदाहरणाने स्पष्ट होते. त्याच्या १८६५ च्या कादंबरीत माणसांना ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे सोडले जाते. तेवढ्या अंतरात आवश्यक वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर, गाठावयाचा तर गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक त्वरण सोसावे लागेल. त्यात कोणीही जिवंत राहणार नाही. एवढ्यावर परीक्षण संपवावयाचे, तर कादंबरी त्याज्य ठरते. परंतु हा धक्का सोसण्याचा प्रश्न व्हर्नने स्वतःच उपस्थित केला आहे, त्यावर पाण्याच्या गादीचा उपाय योजला आहे, आणि वेगाचा हिशेब आस्थेने मांडला आहे. आपण घातलेली अट पाळण्याची ही निष्ठा हाच त्या कादंबरीचा प्राण होय. उत्तर चुकले, म्हणून प्रश्न विचारण्याची रीत खोटी ठरत नाही.

परीक्षकाच्या पूर्वग्रहाचा दुसरा दाखला १९७४ चा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ह्या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलट करून घेतले होते. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचा परिणाम होऊ नये, एवढाच त्यामागील हेतू होता. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नीने लिहून काढली होती. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी ह्या नव्या प्रकाराची दखल घेतली. २०२१ मध्ये नाशिक येथील संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. हा क्रम समाधानकारक खरा. पण जो खरोखरच अज्ञात जगताप असेल, त्याच्या कथेचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

तो प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. अद्भुत व वैज्ञानिक कादंबऱ्या लेखक पुन्हा स्वतःच प्रसिद्ध करू लागले आहेत, म्हणजे एका अर्थी आपण १८६१ च्या परिस्थितीकडे परत आलो आहोत. अशा ग्रंथांस परीक्षण लाभले नाही तर त्यांना ग्रंथालय लाभत नाही. आणि ग्रंथालयात नसलेला ग्रंथ उद्याच्या संशोधकाच्या लेखी लिहिलाच गेलेला नसतो. सौम्य परीक्षण हा मात्र त्यावरील उपाय नव्हे. ग्रंथाने कोणती अट घातली, ती शेवटपर्यंत पाळली काय, आणि त्या अटीमुळे मनुष्यजीवनातील असे काय दिसले जे वास्तव कथनातून दिसले नसते, हे तीन प्रश्न विचारावेत. ‘मंजुघोषे’स ते विचारले तर तिचे अनेक दोष उघड होतील. पण ते तिचे स्वतःचे दोष असतील. ती ‘मधली स्थिति’ नाही, हा दोष त्यांत नसेल. टीकाकाराकडून ग्रंथकाराला एवढा न्याय मिळावयास हरकत नसावी.